लाल सॉकेटचे मानकरी

दिल्ली परिसरातल्या छोट्या ऑफिसची सर्व्हर रूम कधीच सर्व्हर रूम म्हणून जन्माला येत नाही. तिचा पूर्वजन्म पँट्रीचा, स्टोअरचा नाहीतर वापरात नसलेल्या बाथरूमचा असतो. बाथरूममधून बढती मिळाली असेल तर कोपऱ्यात नळाची तोटी अजून शिल्लक असते आणि तिचं पाणी कधीच बंद केलंय, असं मालक शपथेवर सांगतो. ऑफिसचा नकाशा काढताना आर्किटेक्ट आधी मालकाची केबिन काढतो, मग मालकाच्या मुलाची, मग कॉन्फरन्स रूम, मग ईशान्येला देवघर. एवढं होऊन जे सहा बाय सात उरतं, त्याच्यावर तो ‘सर्व्हर’ असं लिहितो आणि हात झटकतो. त्या सहा बाय सातला वीज किती लागेल हे सांगण्यासाठी मग माझ्यासारख्याला बोलावणं येतं.

मी मूळचा जालन्याचा. नोएडा, ओखला आणि गुरुग्राम अशी माझी त्रिस्थळी यात्रा बारा महिने चालू असते. ‘जालना’ म्हटलं की इथला माणूस “अच्छा, बॉम्बे!” म्हणतो आणि पाठोपाठ “आपके यहाँ तो लाइट जाती ही नहीं” असंही ऐकवतो. भारनियमनाच्या काळात आमच्याकडे लाइट कधी येणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लग्नाचे मुहूर्त त्या तक्त्यावर बेतले जायचे, हे मी त्याला सांगत बसत नाही. वीज जाते म्हणूनच तर मला काम मिळतं.

खरं तर हिशेब दहा मिनिटांचा असतो. दोन सर्व्हर, एक स्टोरेजची पेटी, कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा स्विच, त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, फायरवॉल आणि इंटरनेटवाल्याचा राउटर. प्रत्येक सर्व्हरच्या पाठीला ७५० वॅटचे दोन पॉवर सप्लाय असतात. ते बघून ठेकेदार ७५० गुणिले ४ करतो, सर्व्हरचेच तीन किलोवॅट मांडतो आणि मालकाला घाम फोडतो. वास्तविक ७५० ही त्या सप्लायची ऐपत आहे, भूक नव्हे. आणि दुसरा असतो तो पहिला दगावला तर उभं राहायला. रोजच्या कामात असा सर्व्हर अडीचशे-तीनशे वॅटवर भागवतो. सगळं गणगोत धरून बेरीज एक किलोवॅटच्या आसपास जाते. बाथरूमच्या गीझरला याच्या दुप्पट लागते.

एक किलोवॅटसाठी ३ केव्हीएचा यूपीएस भरपूर झाला. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर त्यातून २४०० वॅट मिळतात. केव्हीए आणि किलोवॅट यांतला हा फरक यूपीएस विकणाऱ्यांना पक्का ठाऊक असतो, पण गिऱ्हाइकाशी त्याविषयी बोलणं ते असभ्यपणाचं समजतात. राहिला एसी. सर्व्हर काही ओझी वाहत नाही की पाणी उपसत नाही. जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता बाहेर पडते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता उपसतो, म्हणजे एक टनात काम आरामात होतं. मात्र एसी दोन लागतात, कारण घरगुती एसी चोवीस तास बारा महिने चालवायला बनवलेला नसतो. टायमर लावून बारा-बारा तासांच्या पाळ्या करायच्या. इथे मालक पहिल्यांदा दुखावतो. “उस स्टोर में दो एसी? मेरे केबिन में तो एक है।” हा प्रश्न टनांचा नाही, मानाचा आहे, हे ओळखून गप्प राहायचं असतं.

बाहेरच्या विजेबद्दल निष्कारण बोंब मारण्यात अर्थ नाही. दिल्लीत १ जुलै २००२ ला विद्युत बोर्ड मोडून वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं. त्या वेळी बोर्डाच्या निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच येत नव्हते; कुणी चोरलेली, कुणी बुडवलेली, काही तारांतच मुरलेली. आज ही गळती एक आकडी आहे. १९ जून २०२४ ला दिल्लीची मागणी ८६५६ मेगावॅटवर गेली, तो तेव्हाचा उच्चांक होता, आणि शहर तेही पचवून बसलं. नदी ओलांडून नोएडात गेलं की वीज उत्तर प्रदेशची होते, गुरुग्रामात हरियाणाची. ग्रेटर नोएडाची कंपनी तर १९९३ पासून आणखी वेगळीच आहे. तासाभराच्या प्रवासात कंपनी, दर आणि नियामक आयोग सगळं बदलतं. बदलत नाही ते फक्त लाइट गेल्यावर बिल्डिंगच्या गार्डने द्यायचं उत्तर: “पीछे से गई है, सर जी।”

हे ‘पीछे’ कुठे आहे याचा शोध मी बरीच वर्षं घेतोय. बिल्डिंगचा गार्ड ट्रान्सफॉर्मरकडे बोट करतो, ट्रान्सफॉर्मरवरचा लाइनमन सबस्टेशनकडे, आणि सबस्टेशनवाला फोनच उचलत नाही. हिवाळ्यात मात्र ‘पीछे’ला अर्थ असतो. धुकं पडलं की खांबांवरच्या इन्सुलेटरवर साचलेली काजळी ओली होते, तिच्यावरून वीज सरपटते आणि लाइन ट्रिप होते. २००१ च्या जानेवारीत धुक्याच्याच दिवसांत अख्खी उत्तर भारताची ग्रिड कोसळली होती. ३० जुलै २०१२ ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी तर लाइट फारच मागून गेली: पार मध्य प्रदेशातून. बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन. तिचं एक सर्किट कामासाठी बंद होतं आणि उरलेल्यावरून उत्तरेतली राज्यं कोट्याबाहेर वीज ओढत होती. भार इतका चढला की संरक्षक रिलेला तो बिघाडच वाटला आणि त्याने लाइन तोडली. उत्तरेची ग्रिड सावरते न सावरते तोच दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही ग्रिड एकदम गेल्या. साठ कोटींहून जास्त लोकांच्या प्रदेशातली वीज गेली होती. ऊर्जामंत्री होते आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, आणि त्याच ३१ जुलैला त्यांच्या गृहमंत्रिपदाची घोषणा झाली. दोष त्यांचा नव्हता. पण दिल्लीतल्या मराठी मंडळींकडे त्यानंतर कितीतरी दिवस लोक हसून बघत असत.

त्या घटनेची चौकशी झाली, समितीचा अहवाल आला. मी तो ऑफिसातल्या मंडळींना गोष्टीसारखा सांगतो, कारण तीच कथा लहान प्रमाणात त्यांच्या टेबलाखाली रोज घडत असते.

टेबलाखाली असतं लाल सॉकेट. पांढरं सॉकेट म्हणजे साधी लाइन, लाल म्हणजे यूपीएसची. योजना अशी की लाल सॉकेटमध्ये कॉम्प्युटर सोडून काही लावायचं नाही. प्रत्यक्षात ऑफिस सुरू झाल्यावर आठवडाभरात लाल सॉकेट हे विजेचं साधन राहत नाही, पद होतं. कुणाच्या टेबलाला किती लाल, यावरून शनिवारवाड्यातल्या दरबारात कोण कुठे बसणार याची आठवण यावी, असं राजकारण सुरू होतं. मालकाच्या केबिनमध्ये तीन असतात: एकावर बाजारभाव दाखवणारा टीव्ही, एकावर एअर प्युरिफायर, एक राखीव. एअर प्युरिफायरबद्दल दिल्लीत नोव्हेंबरमध्ये कुणाशी वाद घालता येत नाही. मुलाच्या केबिनमध्ये दोन आहेत, पण ते वडिलांपेक्षा एक कमी का, याची चर्चा घरच्या जेवणाच्या टेबलावर होते. अकाउंटंट म्हणतो, वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना लाइट गेली तर दंड कोण भरणार? त्याला लाल मिळतं. एचआरवाल्या मॅडम म्हणतात, हजेरीचं मशीन बंद पडलं तर सगळेच वेळेवर आल्याचं सांगतील. त्यांनाही मिळतं. देवघरातल्या एलईडी दिव्याला पाच वॅट लागतात. त्याला नाही म्हणण्याची कुणाची छाती होत नाही.

सगळ्यात बिनतोड अर्ज रिसेप्शनवरून येतो. तिथे वास्तुशास्त्राच्या आज्ञेने ठेवलेलं माशांचं एक्वेरियम असतं. “पंप बंद हुआ तो मछलियाँ मर जाएँगी, सर।” जिवाचा प्रश्न आला की अभियांत्रिकी संपते. पंप लाल सॉकेटवर जातो. त्याच्यासोबत, बोर्डात जागा आहेच म्हणून, टाकीतला दिवा आणि रिसेप्शनिस्टच्या फोनचा चार्जर.

इतपत सगळं यूपीएस सोसतो. हजार वॅट सर्व्हर रूमचे, चार-पाचशे या मानकऱ्यांचे; अजून नऊशे शिल्लक. मग जानेवारी येतो. दिल्लीच्या जानेवारीत सकाळी दहाला ऑफिसचं काचेचं दार ढकललं की आतली थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त असते. दहा वाजून वीस मिनिटांनी सर्व्हर रूममधून यूपीएसची सलग शिट्टी ऐकू येते आणि सगळं बंद पडतं. यूपीएसवाल्याला फोन जातो. तो बाराला येतो तेव्हा यूपीएस शांतपणे चालू असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वीसला शिट्टी. “मशीन खराब है, बदल दो,” असा मालकाचा निवाडा येतो. यूपीएसच्या पडद्यावर जुन्या नोंदी बघायची सोय असते; त्या उघडल्या की ओळीने ‘ओव्हरलोड’, ‘ओव्हरलोड’, वेळा सगळ्या सकाळच्या. मग सर्वांनी आपापल्या टेबलापाशी उभं राहावं अशी विनंती करावी लागते. अकाउंटंटच्या पायाशी, फाइलींच्या गठ्ठ्यामागे, दोन हजार वॅटचा ब्लोअर असतो. त्याची वायर लाल सॉकेटमध्ये. पांढरं सॉकेट शेजारीच मोकळं. त्यात का नाही लावला? “सर, लाइट जाती है तो ये बंद हो जाता है।” युक्तिवादात खोट काढायला जागा नाही. बीना-ग्वाल्हेर लाइनवर राज्यांनी जे केलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, फक्त त्यांचा ब्लोअर मेगावॅटमध्ये मोजायचा होता.

सामान घ्यायला मी मालकाला शक्यतो भगीरथ पॅलेसला नेतो. चांदणी चौकातलं हे विजेच्या सामानाच्या बाजारपेठेचं पोट. एमसीबी, केबल, फॅन, झुंबरं, सगळं गल्लीबोळांतून डोक्यावर वाहून नेलं जातं. ही मुळात स्वतःच्या पलटणी बाळगणाऱ्या बेगम समरूची हवेली. पुढे लाला भगीरथमल यांच्याकडे गेली आणि त्यांचं नाव लागलं. मला तिथे उगाच माहेरी आल्यासारखं वाटतं, कारण २३ सप्टेंबर १८०३ ला आमच्या जालना जिल्ह्यात असईला जी लढाई झाली, तिच्यात बेगमेच्या पलटणी इंग्रजांविरुद्ध शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. हे मी एका दुकानदाराला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि केबलवर दोन टक्के सूट दिली. इतिहासाने मला प्रत्यक्ष मिळवून दिलेली हीच काय ती कमाई.

आता अर्थिंग. हा विषय निघाला की इलेक्ट्रिशियन आकाशाकडे बघतो. “अर्थिंग है तो सही।” कुठे आहे? बिल्डिंगच्या मागे कुठेतरी. जमिनीत पट्टी पुरून, तिच्याभोवती मीठ आणि कोळसा भरून, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं, म्हणजे माती ओली राहते आणि वीज तिच्यात मुरते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. एका बिल्डिंगमध्ये मीटर लावला तर बावीस दिसले. शोधता शोधता अर्थचा खड्डा सापडला तो पार्किंगच्या नव्या टाइल्सखाली. टाइल्स बसवताना मेंटेनन्सवाल्यांनी त्यावर एक शोभेची कुंडी ठेवली होती आणि कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं, त्यामुळे तिलाही कुणी पाणी घालत नव्हतं. दुसरा प्रकार आरसीसीबीचा. तीस मिलिअँपियर गळती झाली की तो वीज तोडतो, माणसाचा जीव वाचावा म्हणून. सर्व्हरचे पॉवर सप्लाय थोडी थोडी वीज अर्थमध्ये सोडतच असतात. एकाच आरसीसीबीवर बरेच लावले की बेरीज तीसला टेकते आणि तो पडतो. उपाय म्हणजे सर्किटं वाटून देणं. इलेक्ट्रिशियनचा उपाय छोटा असतो. “ये बार-बार गिर रहा था, मैंने हटा दिया।”

बॅटऱ्यांचं थोडक्यात सांगतो. यूपीएसच्या पोटातल्या छोट्या आठ बॅटऱ्या एक किलोवॅटवर वीस-पंचवीस मिनिटं काढतात, तेही नव्या असताना. जास्त वेळ हवा तर बाहेर मोठ्या ठेवाव्या लागतात आणि सहा बाय सातमध्ये त्या मावत नाहीत. म्हणून त्या जातात बाल्कनीत, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर, जिथे आतली सगळी उष्णता त्यांच्या तोंडावर फेकली जाते. बॅटरीला पंचवीस अंश मानवतात; त्यावर दर दहा अंशांना आयुष्य ढोबळमानाने निम्मं. २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने जाहीर केलं की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. बॅटऱ्यांपर्यंत हा खुलासा पोचला नाही.

आणि जनरेटर. पूर्वी एनसीआरमध्ये प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘डीजी है’ हे होतं. २०२० च्या हिवाळ्यापासून हवेच्या नियमांनी त्याला वेसण घातली. १ ऑक्टोबर २०२३ पासून गॅस-डिझेल दोन्हींवर चालणारा किंवा धूर रोखणारं उपकरण बसवलेला जनरेटरच चालतो. बिल्डिंगवाले सांगतात, किट बसवलंय. विचारलं की दाखवतातही: मोठं, चकचकीत, पॅकिंगमध्ये. शिवाय मीटर प्रीपेड असतात, त्यावर सरकारी विजेचे आणि जनरेटरच्या विजेचे वेगळे आकडे, जनरेटरचा दर दुपटीच्या पुढे. एकदा शनिवारी सर्व्हर बंद पडले म्हणून मला गुरुग्रामहून नोएडाला पळवलं. वीज होती, यूपीएस होता, जनरेटर होता. रिचार्ज संपला होता.

पण मला सर्वांत आवडणारी घटना यापैकी नाही. मे महिन्यात दुपारी लाइट जाते. यूपीएस तत्परतेने सर्व्हर उचलून धरतो, मालक कौतुकाने बघतो, “देखा, कुछ बंद नहीं हुआ।” एक गोष्ट बंद झालेली असते. एसी. तो यूपीएसवर नसतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका या यूपीएसला झेपत नाही. म्हणजे सहा बाय सातच्या बंद खोलीत एक किलोवॅटची शेगडी, आणि ती विझू नये म्हणून विकत घेतलेलं महागडं यंत्र. पहिल्या दहा मिनिटांत सर्व्हरचे पंखे विमानासारखा आवाज करायला लागतात. मग कुणीतरी दार उघडतं, कुणी टेबलफॅन आणतं. टेबलफॅन कुठे लावायचा? लाल सॉकेटमध्ये.

मोठ्या डेटा सेंटरवाल्यांचे दर्जे ठरलेले असतात. तिसऱ्या दर्जाचं सेंटर वर्षाला फार तर १.६ तास बंद राहू शकतं. ग्रेटर नोएडात असं काही बघायला मी एका मालकाला घेऊन गेलो होतो. परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “उनका मंदिर कहाँ था?”

त्याच मालकाच्या ऑफिससाठी मी शेवटी यूपीएस दोन केले. एक लहान, फक्त सर्व्हरचा, रूमच्या आत, कुलपात. त्याची एकही तार बाहेर जात नाही. दुसरा बाहेर, सगळ्या मानकऱ्यांसाठी. त्यांनी त्यावर ब्लोअर लावावा, मासे पाळावेत, तो ओव्हरलोड होऊन पडला तरी सर्व्हरला कळणार नाही. मालकाला नकाशा काढून समजावलं. त्याने लक्षपूर्वक ऐकलं, दोन्ही यूपीएसवर बोट ठेवलं.

“मतलब ये अंदर वाली लाइन ज़्यादा पक्की है?”

मी हो म्हटलं.

त्याने इलेक्ट्रिशियनला हाक मारली आणि रिसेप्शनकडे बोट दाखवलं. “इसमें से बस एक पॉइंट निकाल दे, एक्वेरियम के लिए।”